गाडीची झोपमोड

‘वारंवार तपासू नका’ असं जो दुकानदार सांगतो, त्याचा तराजू सगळ्यात आधी तपासावा, हे निरीक्षकांचं नोकरीतलं सूत्र. या सूत्रावर त्यांनी ढिगानं खोटे काटे पकडले, भल्याभल्या व्यापाऱ्यांची झोप उडवली आणि हार-तुरे घेऊन निवृत्त झाले. इथवर सगळं ठीक होतं. पुढे तेच सूत्र त्यांनी विजेच्या गाडीला लावलं आणि मग जे झालं ते अख्ख्या इमारतीनं फुकटात पाहिलं.

निरीक्षक वजनमाप खात्यातले. निवृत्तीला बरीच वर्षं झाली, पण इमारतीत त्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं कोणी ओळखत नाही. भाजीवाला त्यांना लांबून बघूनच पारड्याखालचा चिंच-गूळ पुसून काढतो. घरी बायको एरवी ‘अहो’ म्हणते. दूध मापाच्या भांड्यात ओतून बघताना सापडले की ‘अहो निरीक्षक’ म्हणते.

गाडी घेतली तेव्हा इमारतीत तशी दुसरी नव्हती, अजूनही नाही. तिच्यासाठी पार्किंगच्या कोपऱ्यात चार्जिंग पॉइंट बसवायला निरीक्षकांनी कमिटीशी जी झुंज दिली तिच्यात आत्ता शिरायला नको. एवढंच सांगायचं, की तो कोपरा पूर्वी अध्यक्षांच्या गाडीचा होता. तळमजल्यावर राहणाऱ्या अध्यक्षांची गाडी डिझेलची, आकारानं छोट्या बंगल्याएवढी. कोपऱ्यात दुपारी सावली असते. ती सावली गेल्यापासून अध्यक्षांना पर्यावरण, आगीचा धोका आणि लहान मुलांची सुरक्षितता यांची एकदमच काळजी वाटू लागली. त्यांनी सर्वसाधारण सभेपुढे विषय ठेवला: पार्किंगमधला चार्जिंग पॉइंट काढून टाकणे.

पॉइंट गेला तर गाडी विकावी लागणार आणि अध्यक्ष बरोबर होते असं सगळे म्हणणार. यातली पहिली गोष्ट निरीक्षकांनी कशीबशी सोसली असती. दुसरी मात्र कदापि नाही.

अडचण अशी झाली, की नेमकं त्याच सुमारास मुलीचं बाळंतपण आलं. महिनाभर तिच्याकडे जाऊन राहायचं होतं. ‘सभा आम्ही परतल्यावर ठेवा’ असं निरीक्षकांनी बजावलं आणि अध्यक्षांनी ते मोठ्या मनानं मान्य केलं. महिनाभर उभी राहिलेली विजेची गाडी सुरू होते का, हे सगळ्यांनाच बघायला मिळेल, असंही ते जाता जाता म्हणाले.

झालं. जिन्यात, लिफ्टमध्ये, कचऱ्याच्या डब्यापाशी निरीक्षकांना जो भेटेल तो सल्ला देऊ लागला. दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मोठ्या बॅटरीला काही होत नाही हो. पुढे एक छोटी असते, ती दगा देते. तिची तार काढून ठेवा. त्रास देणारी वस्तू काढली की प्रश्नच मिटला.” त्यांच्याकडे गेलेल्या माणसाला हे तत्त्वज्ञान परिचयाचं होतं. चौथ्या मजल्यावरचा विमा एजंट घाबरून म्हणाला, “काका, कशालाही हात लावू नका. आपण हात लावला की क्लेम बसत नाही.” अध्यक्ष म्हणाले, “माझ्या गाडीला बघा काहीच करावं लागत नाही.”

निरीक्षकांनी कोणाचंच ऐकलं नाही. त्यांनी गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. त्यात लिहिलं होतं, की गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर मोठी बॅटरी निम्म्याच्या वर भरून ठेवा. बाकी गाडी बघून घेईल. आणि खाली, बारीक अक्षरात: मोबाइलवरून गाडीची स्थिती वारंवार तपासू नका.

निरीक्षक खुर्चीत ताठ बसले.

“बघितलंस?” ते बायकोला म्हणाले. “बारीक अक्षरात! म्हणजे यातच काहीतरी पाणी मुरतंय.”

“अहो, गाडी बनवणाऱ्यांनी लिहिलंय ते. काही विचार करूनच लिहिलं असेल ना?”

“बनवणारा म्हणतो म्हणून मान डोलवायची, तर मग आमचं खातं कशाला होतं?”

मुलीकडे पोचल्या पोचल्या तपासणी सुरू झाली. सकाळी उठल्यावर दात घासायच्या आधी मोबाइल. नातीला मांडीवर घेतलं की एका हातात नात, दुसऱ्या हातात मोबाइल. जावई काही विचारायला आला तर ‘एक मिनिट’ म्हणून आधी मोबाइल. दर वेळी पडद्यावर गाडीचं चित्र यायचं, एक चक्र फिरायचं आणि मोठ्या बॅटरीचा आकडा दिसायचा. आकडा जाग्यावर. निरीक्षकांना धन्य वाटायचं. त्या जाग्यावरच्या आकड्याबद्दल त्यांनी विहिणीलासुद्धा सांगितलं. शेवटच्या दोन दिवसांत चक्र नुसतंच फिरत राहिलं आणि चित्र आलंच नाही, तेव्हा त्यांनी मुलीच्या घरच्या नेटला नावं ठेवली.

परत आले ते सभेच्या आदल्या दिवशी. सामान वर न्यायच्या आधी निरीक्षक थेट गाडीकडे गेले आणि रिमोट दाबला. काही झालं नाही. परत दाबला. मग जवळून दाबला, काचेला टेकवून दाबला, वेळ बदलून बघावं म्हणून सावकाश दाबला. गाडी ढिम्म. दाराच्या मुठीपाशी लागायचा तो निळा दिवासुद्धा नाही. गेटवरून वॉचमन बघतोय असं लक्षात येताच निरीक्षकांनी खिशातून रुमाल काढला आणि दाराची मूठ पुसायला घेतली.

“धूळ फार बसली हो,” ते मोठ्यांदा म्हणाले.

“सुरू होत नाही का साहेब?” वॉचमननं तितक्याच मोठ्यांदा विचारलं.

दार उघडायला एक साधी किल्लीही असते, असं पुस्तकात वाचल्याचं त्यांना आठवत होतं. कुठे असते ते पुस्तकात होतं. पुस्तक गाडीत होतं. गाडी बंद होती. या तीन वाक्यांभोवती निरीक्षक बराच वेळ फिरत राहिले. शेवटी बायकोनं त्यांच्या हातून रिमोट घेतला, कडेची खाच दाबली, तशी आतून लहानशी किल्ली बाहेर आली.

“मला माहीत होतं,” निरीक्षक म्हणाले.

किल्ली मिळाली तर भोक मिळेना. ते मुठीवरच्या एका टोपणाखाली होतं. टोपण काढायला निरीक्षकांनी घरून लोणी लावायची सुरी आणली आणि आपलं सगळं वजन तिच्यावर टाकलं. टोपण निघालं. इतकं मनापासून निघालं, की उडून थेट अध्यक्षांच्या डिझेल गाडीखाली गेलं. आता टोपण म्हणजे गाडीचा अधिकृत भाग. निरीक्षक जमिनीवर पालथे झाले आणि सुरी हातात धरून त्या बंगल्याखाली सरपटत शिरले. अर्धे आत आणि अर्धे बाहेर असताना बाहेरच्या अर्ध्याजवळ दोन चपला येऊन थांबल्या.

“काय शोधताय?” अध्यक्षांचा आवाज आला.

“तुमच्या गाडीचं तेल गळतंय का, ते बघतोय.”

“गळतंय?”

“अजून नाही,” निरीक्षक आतून म्हणाले.

शेवटी दार उघडलं, बॉनेट उघडलं आणि एका प्लॅस्टिकच्या झाकणाखाली ती छोटी बॅटरी दिसली. निरीक्षकांची घोर निराशा झाली. इतक्या आधुनिक गाडीत, कुठल्याही टॅक्सीत असते तसली साधी, बारा व्होल्टची काळी पेटी! गाडीच्या पोटात घरभर दिवे पेटवेल एवढी वीज, पण कुलूप उघडायला आणि त्या विजेला ‘चल, कामाला लाग’ म्हणायला ही पेटी हवी. त्यांच्या ऑफिसातही असंच होतं. मोठे साहेब कितीही मोठे असले तरी केबिनची किल्ली शिपायाकडे असायची. शिपाई आजारी पडला की साहेब व्हरांड्यात.

घरी आल्यावर त्यांनी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. आधी संगीत, मग एक, दोन, तीन दाबा, मग परत संगीत. बऱ्याच वेळानं एक मुलगी आली. तिनं आधी विचारलं, आपण गाडीत बसला आहात का. मग म्हणाली, गाडीच्या पडद्यावरचं मदतीचं बटण दाबा. पडदाच लागत नाही, म्हणून तर फोन केला, असं निरीक्षकांनी खात्यातल्या आवाजात सांगितलं. त्यावर ती म्हणाली, व्हॅन पाठवते, तीन कामाचे दिवस लागतील.

“उद्या सभा आहे माझी! तुमची गाडी खराब आहे, असं लेखी द्या मला,” निरीक्षक कडाडले.

“थांबा हं सर, रेकॉर्ड बघते.” पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला आणि मग ती जरा जपून म्हणाली, “सर, तुम्ही बरे आहात ना?”

“म्हणजे?”

“महिन्याभरात तुमच्या फोनवरून गाडीला चारशेच्या वर वेळा उठवलंय, सर. तुम्ही विचारलं की ती जागी होते ती छोट्या बॅटरीवर. मग परत झोपायला तिला वेळ लागतो. ती नीट झोपली, की ठरावीक काळानं मोठी बॅटरी छोटीला भरून देते. पण तुम्ही मध्येच उठवलं की ती मोजणी पहिल्यापासून. तिला झोपूच दिलं नाहीत, सर.”

फोन स्पीकरवर होता. बायको समोर कपड्यांच्या घड्या करत होती. तिनं एक घडी पूर्ण केली आणि वर बघितलं.

“हे आपल्या दोघांतच राहू दे,” निरीक्षक हलक्या आवाजात म्हणाले.

“मी कशाला कोणाला सांगू?” बायको म्हणाली. “चाळीस वर्षांत मला कोणी चारशे वेळा विचारलं नाही, कशी आहेस म्हणून. लोकांचा विश्वास तरी बसेल का?”

दुसऱ्या दिवशी सकाळी निरीक्षक नव्या जोमानं उठले. हार मानणं त्यांच्या रक्तात नव्हतं आणि शहाणपण येण्याचीही काही चिन्हं नव्हती. विमा एजंटाकडे त्याच्या स्कूटरसाठी घेतलेला बॅटरी चार्जर होता. ‘मी दिलाय असं कुठे बोलू नका’ या अटीवर त्यानं तो पिशवीत घालून आणून दिला. आता वीज कुठून घ्यायची? पार्किंगमधलं साधं सॉकेट सोसायटीच्या मीटरवर, त्याला अध्यक्षांची परवानगी हवी. म्हणून निरीक्षकांनी घरातल्या झाडून सगळ्या एक्स्टेन्शन वायरी एकीला एक जोडल्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या बाल्कनीतून खाली सोडल्या. वायर डॉक्टरीणबाईंच्या बाल्कनीवरून गेली, त्यांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या कोटाच्या बाहीत शिरली आणि कोट घेऊनच खाली आली.

“निरीक्षक, माझा कोट!”

“खाली सुखरूप आहे!” निरीक्षकांनी वर बघून सांगितलं.

वायर हातभर कमी पडली. चार्जर वर उचलून धरावा तर त्याचे चिमटे बॅटरीला पोचेनात. चिमटे लावावेत तर पिन निघून येई. निरीक्षकांनी गाड्या धुणाऱ्याची बादली उपडी केली, तिच्यावर रंगाचा डबा, डब्यावर जुन्या मासिकांचा गठ्ठा आणि त्यावर चार्जर ठेवला. चार्जरचा दिवा लागला. निरीक्षकांनी दोन्ही हात कमरेवर ठेवून विजयी मुद्रेनं इकडेतिकडे बघितलं. त्याच क्षणी डॉक्टरीणबाईंनी आपला कोट परत मिळावा म्हणून वायर वर ओढली. मनोरा कोसळला, चार्जर शेजारच्या साबणाच्या पाण्याच्या बादलीत पडला आणि फुस्स झालं. गॅलरीतून विमा एजंटानं ते बघितलं आणि आपलं दार आतून लावून घेतलं.

मग उरला एकच उपाय. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून तारा जोडायच्या. आणि त्या वेळी पार्किंगमध्ये उभी असलेली दुसरी गाडी एकच होती.

निरीक्षकांनी शर्ट बदलला, केस विंचरले आणि अध्यक्षांची बेल वाजवली. आतून चहाचा वास येत होता. अध्यक्षांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मधूनमधून ते ‘अरेरे’ म्हणत होते आणि दर अरेरेला त्यांचा चेहरा अधिकच फुलत होता.

“देतो ना, नाही कशाला म्हणू? शेजारधर्म आहे,” ते म्हणाले. “पण सभेच्या आधी, सगळ्यांसमोर. म्हणजे लोकांना पटेल.”

संध्याकाळी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. सभेला एरवी कोरम होत नाही. आज माणसं जिन्याच्या पायऱ्यांवर बसली होती. अध्यक्षांनी आपली गाडी मिरवणुकीला काढल्यासारखी निरीक्षकांच्या गाडीसमोर आणून उभी केली, बंद केली आणि लाल-काळ्या तारा जोडल्या. आता अशा गोष्टींत असं ठरलेलं असतं, की नेमकी या वेळी डिझेलची गाडीसुद्धा सुरू होत नाही आणि सगळं उलटतं. निरीक्षकही मनातून त्याचीच वाट बघत होते. पण आयुष्य कोणाच्या सोयीनं चालत नाही. अध्यक्षांनी किल्ली फिरवली आणि डिझेल पहिल्याच झटक्यात डरकाळी फोडून सुरू झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. निरीक्षकांच्या गाडीत आधी एक दिवा लागला, मग दहा लागले आणि मग चोर शिरल्याचा भोंगा जिवाच्या आकांतानं कोकलू लागला. तो बंद कसा करायचा हे शोधून काढेपर्यंत सभेला आणखी शेजारच्या इमारतीचीही माणसं आली.

सभा सुरू झाली. अध्यक्ष उभे राहिले.

“मी जास्त बोलत नाही. तुम्ही डोळ्यांनी बघितलंत. विजेच्या गाडीला शेवटी डिझेलच्याच दारात यावं लागलं. असल्या बेभरवशाच्या वस्तूसाठी आपण जागा अडवून ठेवायची का?”

लोक हसले. निरीक्षकांची कानशिलं तापली. ते खुर्चीला धक्का देऊन उठले.

“डिझेलच्या दारात नाही आलो, बॅटरीच्या दारात आलो!” ते म्हणाले. “तुमच्या बॉनेटखाली काय आहे? बारा व्होल्टची काळी पेटी. माझ्या बॉनेटखाली काय आहे? तीच. ती नसली तर तुमच्या टाकीतलं डिझेलसुद्धा नुसतं बसून राहील. म्हणजे मदत मला माझ्याच जातवाल्यानं केली. डिझेल फक्त आवाज करत होतं!”

आता टाळ्या इकडून आल्या. डॉक्टरीणबाईंनीही मान हलवली. अध्यक्ष क्षणभर चाचरले, पण ते काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

“बरं. पेटी तीच,” ते म्हणाले. “माझीही गाडी तुम्ही नव्हता तेव्हा जागची हलली नव्हती. मग माझी पेटी चांगली राहिली आणि तुमचीच का मेली? सांगा ना. दोष गाडीचाच ना?”

जिन्यावरची माणसं पुढे झुकली.

‘हो’ म्हणणं अगदी सोपं होतं. कंपनीला चार शिव्या हासडल्या असत्या की सगळ्यांना बरं वाटलं असतं, निरीक्षकांची अब्रू राहिली असती. पॉइंट तेवढा गेला असता. किंवा पॉइंट वाचवायचा, तर आयुष्यभर मिरवलेलं सूत्र भर पार्किंगमध्ये उघडं पाडायचं. त्यांनी बायकोकडे बघितलं. ती पदराच्या काठाशी चाळा करत होती, पण नजर त्यांच्यावरच होती. निरीक्षकांना फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं याचा रागही आला.

“का मेली सांगू?” ते गरजले. “कारण तुमच्या गाडीकडे कोणी ढुंकून बघत नाही, आणि माझ्या गाडीकडे मी बघतो! चारशे वेळा बघितलं. फोनवरून. दर वेळी ती बिचारी दचकून उठली आणि मला हजेरी देत राहिली. पुस्तकात लिहिलं होतं, तपासू नका. मी ऐकलं नाही. पुन्हाही ऐकेन असं नाही! पण दोष गाडीचा नाही, पॉइंटचा नाही, विजेचा नाही. माझा आहे. मी जन्मभर दुसऱ्यांची खोटी मापं पकडली. आज स्वतःची कातडी वाचवायला गाडीच्या पारड्यात खोटं वजन टाकणार नाही. काढायचंच असेल तर मला काढा इमारतीतून. पॉइंटला हात लावायचा नाही!”

कोणी हसलं नाही. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मुळाशी कीड नसेल तर मी दात काढत नाही,” आणि हात वर केला. विमा एजंटानं आजूबाजूला बघितलं आणि हात निम्मा वर केला. मग जिन्यावरून हात वर आले. अध्यक्षांनी पडेल चेहऱ्यानं मोजले. एका हाताच्या फरकानं पॉइंट राहिला होता.

“विषय संपला,” अध्यक्ष म्हणाले.

“थांबा,” निरीक्षक म्हणाले. “परत मोजा.”

“अहो, तुम्ही जिंकलात!” बायकोनं त्यांचा शर्ट खाली ओढला.

“जिंकलो तरी माप ते माप. परत मोजा!”

अध्यक्षांनी दात-ओठ खात परत मोजायला घेतलं. या वेळी एक हात जास्त भरला. मागच्या खुर्चीवर बसलेल्या त्यांच्या स्वतःच्या बायकोनं तो वर केला होता, आणि अध्यक्ष बघत राहिले तरी खाली घेतला नाही.

पुढे नातीच्या पहिल्या वाढदिवसाला दोघं पुन्हा मुलीकडे गेले. निघण्यापूर्वी बायकोनं मोबाइलवरून गाडीचं चित्र साफ काढून टाकलं. निरीक्षकांनी हूं की चूं केलं नाही. मुक्कामभर गाडीचा विषयसुद्धा काढला नाही, आणि त्यांच्या या साधूपणाची बायकोला थोडी काळजीच वाटत होती. परत आले तेव्हा रिमोट दाबताच गाडीचा निळा दिवा लागला आणि दार उघडलं. निरीक्षकांनी दारावर हलकेच थाप मारली.

“तब्येत ठणठणीत आहे की,” बायको वॉचमनला म्हणाली. “पण काल इतके फोन केले आम्ही कधी पोचतो ते सांगायला, उचलला का नाहीस?”

“फोन बंद पडलाय बाई,” वॉचमन कसनुसा हसत म्हणाला. “साहेब दिवसभर विचारायचे ना, गाडी आहे का जाग्यावर, झोपली आहे का नीट. सारखी बॅटरीच उतरायची. शेवटी गेला तो.”

बायको सावकाश वळली. निरीक्षकांनी छाती पुढे काढली, हनुवटी वर केली आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

“मग तो पॉइंट आपण कशासाठी वाचवलाय?” ते म्हणाले. “लाव तिथं!”